आकृत्यांनी क्वांटम सुरक्षा सिद्ध करायचीय? आधी एवढंच करा

स्वागत! घाबरू नका, सुरुवातीला पेन्सिल, दोन रंग आणि मॅट्रिक्सची जुजबी ओळख पुरते.

क्वांटम कणांच्या मदतीनं गुप्त किल्ली वाटून घेण्याच्या १९८४च्या बेनेट-ब्रासार्ड प्रोटोकॉलपासून, म्हणजे बीबी८४पासूनच सुरू करा. कूके आणि डंकन यांनी २००८मध्ये मांडलेल्या झेडएक्स कॅल्क्युलसचे (क्वांटम गणित आकृत्यांनी करायच्या पद्धतीचे) दोनच नियम आधी हातात बसवा:

- एकाच रंगाचे जोडलेले स्पायडर (तारा फुटलेले रंगीत ठिपके) एकत्र होतात, फेजची (ठिपक्यावरच्या कोनाची) बेरीज होते.
- हिरवा आणि लाल स्पायडर दोन तारांनी जोडलेले असतील, तर दोन्ही तारा तुटतात.

खरी गंमत दुसऱ्या नियमात. पाठवणाऱ्या ॲलिसनं एका बेसिसमध्ये (बिट लिहायच्या-मोजायच्या एका पद्धतीत) पाठवलं आणि घेणाऱ्या बॉबनं दुसऱ्यात मोजलं, की मधली तारच उरत नाही; बॉबच्या हाती निव्वळ नाणेफेक. ही आकृती स्वतः काढल्याशिवाय पुढे जाऊ नका.

नवखे हमखास घसरतात ते ईव्हपाशी, म्हणजे मधेच चोरून ऐकणारीपाशी. ती प्रत्येक बिट मोजून पुढे पाठवते, असं धरतात. तशानं ॲलिस-बॉबचे बेसिस जुळलेल्या बिटांपैकी सरासरी २५ टक्के चुकतात हे दाखवणं छानच, पण ती सुरक्षेची सिद्धता नव्हे. ईव्हची चौकट 'काहीही असू शकेल' अशी काढा, आणि तिच्याकडे राहणारी तार (म्हणजे तिच्या हाती लागलेली माहिती) विसरू नका.

आणि हो, आकृत्यांमधलं '=' तंतोतंत असतं. चॅनेलमधल्या गोंगाटाचा हिशेब नंतर.