नॉक्स सेन्सर नवीन टाकला तरी तोच कोड परत येतोय. अजून एक घेऊन बघू का? आणि तोवर गाडी चालवली तर चालेल का?

दुसरा नॉक्स सेन्सर (धुरातले नायट्रोजन ऑक्साइड वायू मोजणारा) अजिबात घेऊ नका. पहिला बदलला तो स्कॅनर बघूनच ना? सेन्सर खराब आहे असं स्कॅनर म्हणतच नाही. त्या सर्किटमध्ये काहीतरी बिनसलंय, एवढंच त्याला कळतं. कोडच्या मागे एफएमआयचा, म्हणजे बिघाड कोणत्या प्रकारचा ते सांगणारा आकडा असतो तो बघा: ३ म्हणजे व्होल्टेज जास्त, ४ म्हणजे कमी, ५ म्हणजे सर्किट तुटलेलं, ९ म्हणजे सेन्सरचा मेसेज कॅनवर (गाडीतले कॉम्प्युटर ज्या दोन वायरींवरून एकमेकांशी बोलतात ती लाइन) वेळेवर येत नाही. तुम्ही तो आकडा दिलेलाच नाही.

मी ट्रकचं इलेक्ट्रिक काम करतो आणि या विषयावर आमच्या जुन्या सुपरवायझर साहेबांशी माझं कायम वाजायचं. २४ व्होल्टचा ट्रक, सायलेन्सरनंतरच्या नॉक्स सेन्सरचा कोड. साहेबांनी नवा सेन्सर टाकायला लावला, कोड पुसला, इंजिन जागेवरच थोडा वेळ चालवलं, दिवा आला नाही. ट्रक माल भरून रस्त्याला लागला आणि दिवा हजर. साहेबांचं निदान काय, तर नवा पीसही डिफेक्टिव्ह. मी म्हटलं वायरिंग बघू. ते म्हणाले, कपलरवर मीटर लावलाय, २४ येतायत, वायरिंग ओके.

अहो, मीटर करंट ओढतोच कुठे? वायरीत एक तार शिल्लक असली तरी तो पूर्ण २४ दाखवणार. सेन्सरला आतलं सिरॅमिक साधारण ८०० अंशांपर्यंत तापवायचं असतं, त्याचा हीटर चांगला दणकून करंट मागतो. शिवाय तो हीटर चावी फिरवल्याबरोबर पूर्ण तापत नाही. एक्झॉस्टमधलं पाणी उडून जाईपर्यंत थांबतो, कारण तापलेल्या सिरॅमिकवर थेंब पडला तर ते तडकतं. म्हणून गॅरेजमध्ये सगळं आलबेल आणि रस्त्यावर कोड.

मी कपलरच्या सप्लाय आणि अर्थ पिनांमध्ये २१ वॉटचा बल्ब लावला. लालसर, मेल्यासारखा पेटला. तो तसाच पेटता ठेवून मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं अर्थ पिनला. १४ व्होल्ट! तिथे अर्धा व्होल्टसुद्धा जास्तच म्हणायचा, म्हणजे बिघाड अर्थच्या वायरीत. मग हार्नेस बोटांनी चाचपत मागे गेलो. चेसिसच्या क्लॅम्पपाशी एक वायर मऊ लागली. वरून इन्सुलेशन जवळजवळ शाबूत, कधीतरी कुणीतरी टेस्टरची सुई टोचली होती तेवढंच भोक. ब्लेडने चिरलं तर आत तांब्याऐवजी हिरवी भुकटी. तेवढा तुकडा कापून नवी वायर जोडली आणि मुद्दाम साहेबांनी बाद केलेला जुना सेन्सरच परत लावला. कोड आला नाही. साहेब म्हणाले, योगायोग.

तुमच्याकडे एफएमआय ९ असेल तर बॅटरी काढून कॅन हाय आणि कॅन लो या दोन वायरींमध्ये ओहम मोजा. ६० च्या आसपास हवेत. १२० आले तर एक टर्मिनेटर (लाइनच्या टोकाला असतो तो रेझिस्टर) गायब आहे किंवा लाइन कुठेतरी तुटलीय. युरियाच्या (धूर साफ करायला एक्झॉस्टमध्ये फवारतात तो) बाजूचे कपलर उघडून पांढरे खडे आहेत का तेही बघा. युरिया वायरीच्या आतून चढत जातो आणि तांबं खातो. नुसतं पुसून भागत नाही.

बल्ब फक्त सप्लाय आणि अर्थलाच लावा. कॅनला किंवा ५ व्होल्टच्या पिनांना लावलात तर ईसीयूचं, म्हणजे गाडीच्या कंट्रोल कॉम्प्युटरचं काय होईल ते मी सांगणार नाही. चावी बंद केल्यावर युरियाचा पंप लाइन रिकामी करत असतो, तो आवाज थांबल्याशिवाय बॅटरी काढू नका. गाडी चालवण्याचं म्हणाल तर बऱ्याच गाड्या काही काळाने आपणहून पॉवर कमी करतात. तुमची कधी करेल ते मॅन्युअलमध्ये बघा. आणि हो, सेन्सर खरोखरही जातात. बल्ब लख्ख पेटला, ओहम बरोबर आले, पिना घट्ट आहेत, तरी कोड येतोय, तर घ्या खुशाल नवा. साहेबांना तेवढंच बरं वाटेल.