व्हेंटिलेटर काढायला कोर्टाची ऑर्डर लागते का?

ताई, तुम्ही लिहिलंय की आई ७८ वर्षांच्या, मोठं ब्रेन हॅमरेज, तीन आठवडे व्हेंटिलेटरवर, शुद्ध नाही, आधी काही लिहून ठेवलेलं नाही. आणि हॉस्पिटल म्हणतंय "कोर्टाची ऑर्डर आणा". ही मागणी जुन्या नियमाची आहे.

तो नियम मुंबईतल्या आपल्या केईएम हॉस्पिटलमधल्या नर्स अरुणा शानबाग यांच्या प्रकरणातला; हल्ल्यानंतर त्या अनेक वर्षं भानावर नसलेल्या अवस्थेत होत्या. ७ मार्च २०११ ला सुप्रीम कोर्टाने त्यांना जगवणारे उपचार थांबवण्याची याचिका फेटाळली, पण असे उपचार थांबवायचे तर हायकोर्टाची मंजुरी हवी असं ठरवून दिलं. 'कॉमन कॉज' या संस्थेच्या याचिकेवरच्या ९ मार्च २०१८ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने ती पद्धत बदलली आणि २४ जानेवारी २०२३ ला अटी आणखी सैल झाल्या.

आता हॉस्पिटलनेच डॉक्टरांचं प्राथमिक मंडळ बसवायचं: उपचार करणारे डॉक्टर आणि त्या विषयातले किमान पाच वर्षं अनुभवाचे दोन तज्ज्ञ. उपचार थांबवावेत असं त्यांचं मत पडलं की जवळच्या नातेवाइकांची लेखी संमती. मग दुसरं मंडळ. त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला एक डॉक्टर आणि पहिल्या मंडळात नसलेले दोन तज्ज्ञ. प्रत्येक मंडळाने शक्यतो ४८ तासांत मत द्यावं. दोन्ही मंडळांचं एकमत झालं की अंमल करण्याआधी हॉस्पिटल प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवतं. कळवतं, परवानगी मागत नाही. या दोन शब्दांच्या घोळातच बरेच दिवस जातात.

गाडी अडते ती बहुतेक दुसऱ्या मंडळापाशी, कारण हॉस्पिटलकडे नेमलेला डॉक्टरच नसतो. म्हणून तोंडी विनंती नको. मेडिकल सुपरिंटेंडंटच्या नावाने अर्ज द्या, २०२३ च्या आदेशाचा उल्लेख करा, दुसऱ्या प्रतीवर पोच शिक्का घ्या. कंटाळवाणं आहे, पण शिक्का पडला की फाईल हलते.

संमतीपत्रावर "खर्च झेपत नाही" हे कारण लिहू नका. निदान काय, मंडळाने काय समजावलं आणि नेमकं काय थांबवायचं ते लिहा: व्हेंटिलेटर, डायलिसिस, बीपी चढवायची औषधं, एकेक नावानिशी. "सगळे उपचार बंद" असं मोघम लिहिलंत तर वेदनाशामकंही थांबण्याचा धोका. ती, तोंडाची निगा, कूस बदलणं चालूच राहायला हवं. मृत्यू घडवणारं इंजेक्शन मात्र कायद्याने गुन्हाच.

भाऊ तयार नाही म्हणता, तर त्याला आयसीयूच्या डॉक्टरांसमोर बसवा. स्कॅन बघून पुष्कळदा विरोध मावळतो. मंडळानेच नकार दिला तर राज्यघटनेच्या कलम २२६ खाली हायकोर्टात जाता येतं, तिथे दोन न्यायमूर्तींचं खंडपीठ ऐकतं. वकील लागेल तो या टप्प्यावर.

वैतागून "डामा" (डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज) सही करून घरी नेऊ नका. व्हेंटिलेटर निघतो, पण धाप लागली तर मॉर्फिन द्यायला घरी कोणी नसतं.

तुमच्याकडे आईंनी करून दिलेली पॉवर ऑफ अॅटर्नी असेल तर ती इथे चालत नाही. करून देणाऱ्याची निर्णयक्षमता गेली की ती संपते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातलं पूर्वनिर्देशपत्रही (पुढे कसे उपचार हवेत ते आधीच लिहून ठेवणं) वेगळं, ते मानसिक आजारापुरतं. तुम्हाला स्वतःसाठी उपचारांबाबतचं इच्छापत्र (लिव्हिंग विल, मालमत्तेचं नव्हे) करायचं असेल तर दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही पुरते. तुमच्या वतीने निर्णय घेणाऱ्यांची एकापेक्षा जास्त नावं त्यात घाला, त्यातला एक जण परदेशात असला तरी अडणार नाही.