उत्तरेकडच्या दुर्गम ख्रिसमस-गावाचा विकास करायचा झाला, तर कोणत्या हटके कल्पना राबवता येतील?

तुम्ही लिहिलंय की गाव लहान आहे, फार उत्तरेला आहे, वर्षभर ख्रिसमसचं नाव मिरवतं, पण माणसं येतात, फोटो काढतात आणि अर्ध्या तासात निघून जातात. असं एक गाव माझ्या घरापासून वीस-पंचवीस मिनिटांवर आहे, अलास्कातलं नॉर्थ पोल. आम्ही फेअरबँक्सला राहतो. यजमान विद्यापीठात आहेत. या गावावरून आमच्या घरात बरीच वर्षं वाद चालू आहे, म्हणून हे उत्तर लांबणार.

आधीच सांगते, आणखी मोठा पुतळा उभारू नका. फायबरग्लासचा चाळीस फुटांहून उंच सांता तिथे आहेच. रस्त्यांना सांता क्लॉज लेन, सेंट निकोलस ड्राइव्ह अशी नावं आहेत. दिव्यांचे खांब लाल-पांढऱ्या पट्ट्यांनी रंगवलेत. हे सगळं मला मनापासून आवडतं, त्याला हात लावू नये. पण यावर पाचपट दिवे आणि दहापट पुतळे घातले तरी माणूस थांबणार नाही, कारण त्याला तिथे करायला काहीच नसतं.

गावाचं नाव मुळात पडलं कशावरून, ते पाहा. 1944 साली एका दांपत्याने ही जमीन वसाहतीसाठी घेतली. 1952 च्या सुमारास एका विकासक कंपनीने ती विकत घेतली आणि नाव ठेवलं नॉर्थ पोल. खरा ध्रुव तिथून अंदाजे 2,800 किलोमीटर लांब आहे, गाव आर्क्टिक वृत्ताच्याही दक्षिणेलाच आहे. कंपनीचा हिशोब असा होता की एखादा खेळणी बनवणारा कारखानदार येईल आणि खेळण्यावर ‘नॉर्थ पोलमध्ये बनवलेलं’ असा छाप मारून विकेल. जानेवारी 1953 मध्ये रीतसर नगरपालिका झाली, पण कारखाना काही आला नाही. आले ते कॉन आणि नेली मिलर. कॉन मिलर आसपासच्या वस्त्यांमध्ये फर खरेदी करत फिरायचे आणि नाताळात सांताचा जुना पोशाख घालून मुलांना खाऊ द्यायचे. ते दुकान बांधत असताना एका पोराने त्यांना ओळखलं आणि विचारलं, "सांता, नवं घर बांधतोयस का?" त्यावरून दुकानाचं नाव पडलं सांता क्लॉज हाउस. बरीच वर्षं गावाचं पोस्टही त्याच दुकानात होतं, आणि कॉन मिलर पुढे महापौर झाले. म्हणजे गाव उभं राहिलं ते खाऊ, पत्रं आणि एका ओळखीच्या चेहऱ्यावर.

आता आमचा वाद. माझे मोठे दीर, आम्ही त्यांना भावोजी म्हणतो, महाबळेश्वरला हॉटेल चालवतात. एका डिसेंबरात ते आणि जाऊबाई आमच्याकडे आले. उणे पस्तीसची थंडी, गाडी रात्रभर हीटरच्या प्लगला लावलेली, दुपारी दोनलाच सूर्य कललेला. मी त्यांना नॉर्थ पोलला नेलं. पुतळ्यासमोर फोटो झाले, दुकानात फेरी झाली. एक चौरस इंच जमिनीचा कागद तिथे भेट म्हणून विकत मिळतो, तो भावोजींना फार आवडला. आणि गाडीत बसल्या बसल्या सुरू झाले, "अगं, हे गाव माझ्या हातात द्या. काचेचे इग्लू, लेझर शो, टॉय ट्रेन, बर्फाची घसरगुंडी. दोन सीझनमध्ये पैसे वसूल."

मी तेव्हा पोस्टात निघाले होते. माझा भाचा सावंतवाडीला असतो, तेव्हा सात वर्षांचा होता. शेजारच्या ख्रिश्चन आजींकडे नाताळात त्याचा मुक्कामच असतो, त्यांनी त्याला सांताला पत्र लिहायला लावलं होतं. बहिणीने त्याचा फोटो मला पाठवला. त्यात होतं, "तुका थंडी वाजता काय? माझ्या गाडयेचा चाक मोडला हा, माका नवीन दी." गाडी म्हणजे चितारआळीतून, सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांच्या आळीतून, आणलेली लाकडी बैलगाडी, माझ्या वडिलांनी दिलेली. फेअरबँक्सला बर्चच्या लाकडाचे वाडगे कातणारे एक आजोबा आमच्या ओळखीचे आहेत. मी त्यांना फोटो दाखवला, बहिणीकडून माप मागवलं, आणि त्यांनी बर्चचं चाक कातून दिलं. पैसे घेतले नाहीत. फक्त म्हणाले, गाडी चालली की कळव. ते चाक आणि मालवणीतलं उत्तर असं पाकीट मी नॉर्थ पोलच्या पोस्टात दिलं, तिथला शिक्का मारून घेतला.

भावोजींना हे सगळं पोरकट वाटलं. "एका चाकासाठी एवढा खटाटोप? यात धंदा कुठे आहे?" मी म्हटलं, भावोजी, धंदा इथेच आहे. ते हसले. पाकीट शिमग्याच्या सुमारास सावंतवाडीला पोचलं. भाच्याने ते शाळेत नेलं. पुढच्या नाताळात त्याच्या वर्गातल्या मुलांनी सांताला पत्रं लिहिली, कुणी मोडका भोवरा काढला, कुणी बाहुलीचा हात. ती बहिणीने गठ्ठ्याने मला पाठवली, आणि ते आजोबा अख्खा हिवाळा त्यात रमले. लेझर शो पाहून कुणी पत्र लिहील का?

तर माझी पहिली कल्पना म्हणजे मोडक्या खेळण्यांचा दवाखाना. जगभरातून मुलांनी मोडकं लाकडी खेळणं पाठवावं, गावात ते दुरुस्त व्हावं आणि गावच्या शिक्क्यासह परत जावं. सोबत बर्चची नवी खेळणी करायची, 1952 साली जी करायची होती तीच, फक्त कारखान्याऐवजी चार-सहा छोटी कामठाणं, म्हणजे कारागिरांच्या कामाच्या जागा. कामठाण रस्त्याकडे उघडं हवं. मी चितारआळीत लहानाची मोठी झाले. तिथे गिऱ्हाईक खेळणं घ्यायला येतं आणि कातकाम, रंगकाम बघत तासभर उभं राहतं. माणसाला थांबवणारी गोष्ट ती.

दुसरी पत्रांची. नॉर्थ पोलला जगभरातून पत्रं येतात आणि गावातले स्वयंसेवक त्यांना उत्तरं लिहीत आलेत. 2009 मध्ये मुलांच्या खासगी माहितीच्या काळजीपोटी टपाल खात्याने नियम कडक केले तेव्हा गावात केवढी नाराजी झाली. काळजी रास्तच होती, पण गावाचा जीव कशात आहे ते त्या वेळी सगळ्यांना दिसलं. मुलांचे पत्ते झाकून, नीट पद्धत बसवून, प्रत्येक भाषेतल्या पत्राला त्याच भाषेत उत्तर मिळेल अशी खोली करा. प्रवासी आला की त्याला टेबल, दिवा, गरम कोको आणि त्याच्या भाषेतलं एक पत्र द्या. तो दोन तास हलणार नाही.

तिसरी धुराड्यांची, आणि ही मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. हिवाळ्यात इथे थंड हवा जमिनीलगत साचते, वर उबदार हवेचा थर बसतो आणि धूर खालीच कोंडतो. तेल महाग म्हणून लोक लाकूड जाळतात. फेअरबँक्स-नॉर्थ पोल पट्टा 2009 पासून सूक्ष्म कणांच्या प्रदूषणासाठी सरकारी यादीत आहे. जाऊबाईंना दमा आहे, त्या त्या दिवशी गाडीतून उतरल्याच नाहीत. म्हणून सप्टेंबरात धुराड्यांचा उत्सव करा. प्रत्येक घराची चूल तपासायची, धुराडं झाडायचं, जुनी चूल बदलायला मदत द्यायची, आणि साफ झालेल्या धुराड्याला मुलांनी लाल फीत बांधायची. सांता धुराड्यातून येतो असं सांगणाऱ्या गावात हे आधी व्हायला हवं. पाण्याचंही तेच. तिथल्या रिफायनरीमुळे कित्येक विहिरींमध्ये सल्फोलेन नावाचं रसायन उतरलं होतं आणि माणसं बाटलीतलं पाणी पीत होती. रिफायनरी 2014 मध्ये बंद झाली आणि रोजगारही गेला. इग्लूची जाहिरात करण्याआधी घरात चांगलं पाणी हवं.

चौथी लहानशी. 21 डिसेंबरला सूर्य पावणेचार तासही नसतो. तो उगवताना आणि मावळताना शाळेतल्या मुलांनी घंटा वाजवावी. 21 जूनला जवळजवळ 22 तास उजेड असतो, त्या रात्री कामठाणं उघडी ठेवून ‘निम्मं वर्ष राहिलं’ म्हणून खेळण्यांचा बाजार भरवावा.

भावोजी मला कायम फिनलंडमधल्या रोव्हानिएमीचं उदाहरण देतात. ते गाव 1944 मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने जवळजवळ पूर्ण जाळलं. फिनलंडचा वास्तुकार आल्वार आल्तो याने आराखडा केला आणि गाव पुन्हा उभं राहिलं. 1950 साली अमेरिकेच्या माजी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट येणार म्हणून आर्क्टिक वृत्तावर घाईघाईने एक लाकडी खोपी बांधली, आणि सांताचं गाव तिथे 1985 मध्ये झालं. आज तिथे काचेच्या खोल्या आहेत, विमानं भरून माणसं येतात, हे खरं. पण भावोजी हे सांगत नाहीत की तिथेही सगळ्यात गर्दीच्या जागांपैकी एक म्हणजे सांताचं पोस्ट ऑफिस आहे, आणि पर्यटकांना भाड्याने दिलेल्या घरांविरुद्ध तिथल्याच रहिवाशांनी आवाज उठवलाय. घरं पाहुण्यांना गेली तर पत्रांना उत्तरं कोण लिहिणार?

आता काही गोष्टी मला आधीच सांगायला हव्या होत्या. मी नगररचनाकार नाही. या सगळ्याच्या खर्चाचा आकडा मी देऊ शकत नाही. अलास्कात बहुतेक पर्यटक उन्हाळ्यात येतात, तेव्हा हिवाळ्याच्या कल्पनांवर सगळा पैसा लावू नका. नॉर्थ पोलची वस्ती 2020 च्या जनगणनेत सव्वादोन हजारांच्या आसपास होती, एवढ्या माणसांवर किती स्वयंसेवा लादायची याला मर्यादा आहे, म्हणून कामठाणवाल्यांना आणि उत्तरं लिहिणाऱ्यांना पगार हवा. तो पगार कुठून येईल, हे भावोजींसारख्या माणसाने बसवून द्यावं. त्यांना हिशोब माझ्यापेक्षा कितीतरी चांगला कळतो, आणि हे मी त्यांना तोंडावरही सांगितलंय.

आणि तुम्हाला नॉर्थ पोलचा शिक्का हवा असेल तर पाकिटावर अमेरिकन तिकीटच लागतं, भारतीय चालत नाही. तयार पाकीट मोठ्या पाकिटात घालून पाठवा, कुठल्या पत्त्यावर ते अमेरिकन टपाल खात्याकडून आधी पाहून घ्या, आणि नोव्हेंबरातच पाठवा.