पाटी गावाची, पण वाचणार मोटरसायकलवरचा माणूस

प्रश्न : नमस्कार भाऊ. आमचं गाव धुळे जिल्ह्यात, नगरपंचायत आहे, आत यायला तीन रस्ते. तिन्हीकडे स्वागताच्या पाट्या लावायचं ठरलंय आणि डिझाइन बघायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. मागचं फ्लेक्स जूनच्या पहिल्याच वादळात फाटून बाभळीला लटकलं होतं. आता कोणी म्हणतं सिमेंटची कमान बांधा, कोणी म्हणतं देवाचा फोटो टाका, इतिहास टाका, सगळ्या नगरसेवकांची नावं टाका. नेमकं काय करू?
– एक वाचक, धुळे जिल्हा

उत्तर : भाऊ, आधी एक काम करा. कमिटीतल्या सगळ्यांना मोटरसायकलवर बसवा आणि ६०च्या स्पीडने गावाबाहेरून आत आणा. ६०ला गाडी सेकंदाला साधारण १७ मीटर जाते, म्हणजे चार सेकंदांत ६५-७० मीटर गेले की पाटी मागे पडली. एवढ्या वेळात माणूस गावाचं नाव वाचेल, अजून चार शब्द वाचेल, बस्स. नगरसेवकांची नावं वाचायला त्याला गाडी साइडला लावून उतरावं लागेल आणि तो काही उतरणार नाही हे तुम्हालाही माहितीय.

अक्षरं केवढी ठेवायची याचा कामचलाऊ हिशेब असा, की ६०-७० मीटरवरून वाचायचं तर अक्षर एक वीतभर तरी हवंच, पण आपल्या अक्षरांना वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असतो त्यामुळे मी तर म्हणतो गावाचं नाव फूटभर उंच ठेवा आणि ते माप वेलांट्या सोडून धरा. फ्लेक्सवाल्याकडचा तो जाडजूड कॅलिग्राफीवाला फॉन्ट घेऊ नका, लांबून त्यात भ आणि म सारखेच दिसतात. ऑर्डर द्यायच्या आधी एका प्लायवर कागद चिकटवून नाव खऱ्या मापात लिहा, रस्त्याकडेला दोघांना तो प्लाय धरून उभं करा आणि दुसऱ्या गावच्या एखाद्या पाहुण्याला गाडीवरून वाचायला सांगा. गावातल्या माणसाला सांगू नका, त्याला नाव पाठच असतं.

आता कमान. दिसायला भारी, पण खाली रस्ता कोणाचा ते आधी बघा. नॅशनल हायवे असेल तर हायवे अथॉरिटीची परवानगी, राज्याचा रस्ता असेल तर पीडब्ल्यूडीची. साध्या पाटीलाही रस्त्याच्या हद्दीत ती लागतेच. उंची साडेपाच मीटरच्या खाली नको, कारण आपल्याकडे कापसाचा ट्रक आणि कडब्याचा ट्रॅक्टर कसा भरतात ते काय सांगायला नको. तीन कमानींच्या पैशात तीन चांगल्या पाट्या होऊन वर दिव्याचे पैसे उरतील, म्हणून माझं मत पाटीलाच.

पण पाटी उभी राहणार कशावर, यात लोक मार खातात. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात एवढी भेगाळते की हात आत जातो. त्यात नुसता खड्डा करून पाइप गाडला की दोन-तीन वर्षांत पाटी वाकून नमस्कार करायला लागते. काळी माती काढून टाका, मुरूम भरून नीट ठोका, मगच काँक्रीट. वाऱ्याचंही बघा, ताशी १०० किमीचा वारा १० बाय ६ फुटांच्या पाटीला अडीचशे किलोच्या वर रेटा देतो. तुमचं फ्लेक्स उगाच नाही बाभळीवर गेलं. लोखंडी (एमएस) अँगलची फ्रेम आणि वर जाड पत्रा घ्या, अक्षरं रेडियमची करा म्हणजे रात्री हेडलाइटमध्ये चमकतील. लाल रंग मात्र नावाला नको, मे महिन्यातलं ऊन त्याला सगळ्यात आधी खातं आणि मग लाल गाव गुलाबी होतं.

लिहायचं काय? ‘आपले हार्दिक स्वागत’ सगळ्या महाराष्ट्रात आहे. जे फक्त तुमच्याच गावाचं आहे ते एक लिहा. धरणगावला लिहिता येईल की इथे १८९० साली बालकवी जन्मले, फैजपूरला लिहिता येईल की खेड्यात भरलेलं काँग्रेसचं पहिलं अधिवेशन १९३६ साली इथे झालं, सारंगखेड्याला घोड्यांचा बाजार. तुमच्याकडे एवढं मोठं काही नसेल तर मिरची लिहा, नदीचं नाव लिहा, तिन्ही रस्त्यांना तीन वेगळ्या गोष्टी ठेवल्या तरी चालतंय. आणि तुमच्याकडे घरोघरी अहिराणी असेल तर ‘या, बठा’ एवढंच लिहा ना, पाहुण्याला कळतं आणि गावातल्याला गुदगुल्या होतात. (यावल-रावेरकडच्यांनी हे उचलू नये, तिकडे लेवा बोली, तिकडचे लोक बरोबर चूक काढतील.) खाली नाव इंग्रजीतही टाका, गुजरात-एमपीचे ट्रकवाले येतात.

नगरसेवकांची नावं बाजूला एका छोट्या दगडावर कोरा, उद्घाटनाचा फोटो त्या दगडाजवळ काढा, सगळे खूश. आणि पाटीची मागची बाजू कोरी ठेवू नका. तिथे पुढच्या गावाचं नाव आणि किलोमीटर लिहून टाका, नाहीतर आठ दिवसांत तिथे कोचिंग क्लासचं पोस्टर चिकटलंच म्हणून समजा.