वॉशिंग्टनला फ्रेडरिक डग्लस यांचं घर पाहायला किती वेळ ठेवावा?

अर्धा दिवस ठेवा. घर शहराच्या ॲनाकोस्टिया भागात टेकडीवर आहे, नाव सीडर हिल. आत फक्त मार्गदर्शकाबरोबरच सोडतात, म्हणून आधी ऑनलाइन बुकिंग करा. पायऱ्या बऱ्याच आहेत. आई-बाबा सोबत असतील तर उताराची वाट धरा.

गुलामीत जन्मलेल्या आणि पुढे अमेरिकेतल्या गुलामगिरीविरुद्ध लढलेल्या या माणसाने 1877 मध्ये हे घर घेतलं आणि 1895 मध्ये इथेच देह ठेवला. झोपायच्या खोलीतले त्यांचे डंबेल्स जरूर बघा, मला तेच सगळ्यात आवडले! मागे एक बिनखिडकीची दगडी खोली आहे, नंतर पुन्हा बांधलेली. एकांतात लिहिता-वाचता यावं म्हणून ते तिथे बसायचे. निघताना ओसरीवर थोडं टेका, समोर कॅपिटॉलचा, म्हणजे अमेरिकेच्या संसदेचा, घुमट दिसतो.