माल रोडमधला ‘माल’ कोणता?

प्रश्न असा आहे: शिमला, मसुरी, नैनीताल इथल्या मुख्य रस्त्याला ‘माल रोड’ म्हणतात. दोन्ही बाजूंना दुकानंच दुकानं. मग हा माल मालगाडी, मालधक्का यांतलाच ना?

नाही. मालधक्क्यातला माल अरबी. मूळ अर्थ संपत्ती, चीजवस्तू. माल रोडमधला युरोपातून आलेला आहे, आणि तोही चक्क एका खेळातून. इटालियनमध्ये ‘पाल्ला’ म्हणजे चेंडू आणि ‘माल्यो’ म्हणजे लाकडी हातोडा. त्यावरून खेळाचं नाव पडलं ‘पाल्लामाल्यो’. फ्रान्समार्गे इंग्लंडात पोचेपर्यंत त्याचं ‘पॅल मॅल’ झालं. लांबलचक सपाट पट्टीवर चेंडू हातोड्याने टोलवत न्यायचा आणि टोकाच्या लोखंडी कडीतून पार करायचा, असा हा खेळ. राजाचा भाऊ ड्यूक ऑफ यॉर्क तो खेळत असताना आपण प्रथमच पाहिला, असं सॅम्युअल पीप्सने १६६१ सालच्या रोजनिशीत लिहून ठेवलंय. पुढे खेळाची हौस ओसरली. झाडांच्या रांगांमधली पट्टी मात्र राहिली. तिथे लंडनची बडी मंडळी फिरायला येऊ लागली आणि ‘मॉल’ म्हणजे प्रतिष्ठितांनी रमतगमत हिंडायची सावलीची वाट, असा अर्थ रूढ झाला.

साहेबाने हाच अर्थ इकडे आणला. लाहोर, कानपूर, दार्जिलिंग, जिथे त्याची वस्ती तिथे मॉल. शिमला १८६४ पासून उन्हाळी राजधानी. तिथल्या मॉलवर घोडागाडी न्यायची मुभा फक्त व्हाइसरॉय, सरसेनापती आणि पंजाबचा गव्हर्नर यांना. बाकीच्यांनी घोड्यावरून, माणसांनी ओढायच्या रिक्षातून नाहीतर पायी जायचं. १८८७ साली उघडलेलं गेटी थिएटर आणि विलायती दुकानं या रस्त्यावर, तर देशी बाजार खालच्या उतारावर, लोअर बझारमध्ये. म्हणजे पाठीवरून पोती वाहिली जात ती जागा माल रोड नव्हतीच!

मग ‘मॉल’चा ‘माल’ कसा झाला? उत्तरेकडे इंग्रजी ‘ऑ’चा सर्रास ‘आ’ होतो: डाक्टर, कालेज, तसाच माल. मराठीला ‘ऑ’ची अडचण नाही, पण हे नाव आपण हिंदीतून तयारच उचललं. खरेदीचा ‘मॉल’ मात्र कितीतरी नंतर थेट इंग्रजीतून आला. शब्द तोच. अमेरिकेत दुकानांच्या रांगांमधल्या वाहनमुक्त वाटेला मॉल म्हणू लागले आणि हळूहळू सगळ्या इमारतीलाच ते नाव चिकटलं. मूळ अर्थाने पाहिलं तर ‘माल रोड’मधला ‘रोड’ फाजीलच, पण तो आता काढायला कोण जातंय!

महाराष्ट्रात हे नाव फारसं रुजलं नाही. पुण्याच्या लष्करात ‘मेन स्ट्रीट’ होता, तोच आजचा महात्मा गांधी रस्ता. महाबळेश्वरला ‘माल्कम पेठ’ आहे, पण तिचा मॉलशी काही संबंध नाही. ती मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या नावाची.

राहिला लेखनाचा प्रश्न. उगम कळला म्हणून ‘मॉल रोड’ अशी दुरुस्ती करत बसू नये. तिथल्या पाट्यांवर आणि लोकांच्या तोंडी ‘माल रोड’ आहे, मराठीतही तसंच लिहावं.