‘लोडस्टार’मधले ओझे आणि ‘स्टारबोर्ड’मधला तारा

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवते. ध्रुवताऱ्याला इंग्रजीत ‘लोडस्टार’ असेही म्हणतात, हे वर्गात सांगितल्यावर एका विद्यार्थिनीने विचारले, की ‘लोड’ म्हणजे ओझे, मग ताऱ्याला ओझे कसले? मला उत्तर देता आले नाही. (एक शिक्षिका, हर्णे)

उत्तर : आपल्या विद्यार्थिनीने नेमक्या जागी बोट ठेवले आहे. साधारणपणे बाराव्या शतकाच्या मध्यापर्यंतच्या इंग्रजीला जुनी इंग्रजी म्हणतात. त्या भाषेत ‘लाड’ असा एक शब्द होता आणि त्याचा अर्थ वाट, प्रवास, मार्गक्रमण असा होता. (आपल्या ‘लाड करणे’शी त्याचे नाते नाही, हेही मुलांना सांगावे.) पुढे ‘आ’चा ‘ओ’ झाला. ‘स्टान’चा ‘स्टोन’, ‘हाम’चे ‘होम’, ‘बाट’ची ‘बोट’ झाली, तसेच ‘लाड’चे ‘लोड’ झाले. तेव्हा लोडस्टार म्हणजे वाटेचा तारा. ज्याला आपण लोहचुंबक म्हणतो, त्याच्या नैसर्गिक दगडाला ‘लोडस्टोन’ म्हणतात तेही याच कारणाने, कारण होकायंत्राची सुई त्यावर घासून खलाशी वाट काढत.

मग ओझे आले कुठून? वाटेने जाणे, त्यावरून वाटेने वाहून नेणे आणि त्यावरून वाहून नेलेली वस्तू, असा त्या शब्दाच्या अर्थाचा प्रवास झाला. ओझ्याच्या ‘लोड’चे स्पेलिंग आता वेगळे लिहितात, पण मुळात तो शब्द एकच आहे. म्हणजे ताऱ्यात ओझे शिरलेले नाही, ओझ्यातच वाट दडलेली आहे.

याच घराण्यातले ‘लीड’ हे क्रियापद मराठी मुलांना सहज समजावता येईल. जुन्या इंग्रजीत प्रवास करणे या अर्थाचे एक क्रियापद होते आणि त्याचे प्रयोजक रूप म्हणजे हे ‘लीड’. आपण ‘चालणे’वरून ‘चालवणे’ करतो, तसेच. मात्र त्याच स्पेलिंगचे, शिसे या अर्थाचे ‘लेड’ स्वतंत्र आहे, त्याची यात गल्लत होऊ देऊ नये. ‘लाइव्हलीहुड’ हा शब्द मला या सर्वांत अधिक जवळचा वाटतो. त्याचे जुने रूप ‘लीफलाड’, म्हणजे आयुष्याची वाटचाल, असे होते आणि शेवटचे ‘हुड’ त्याला नंतर, इतर शब्दांच्या सादृश्याने चिकटले. आपण ‘चरितार्थ चालवणे’ म्हणतो, त्यातल्या ‘चरित’मध्येही ‘चर्’ म्हणजे चालणे हाच धातू आहे.

ध्रुवतारा मुलांना प्रत्यक्ष दाखवावा, अशी विनंती आहे. तो क्षितिजापासून जितका वर दिसतो, तितके आपले अक्षांश असतात. तुमच्या किनाऱ्यावरून तो जेमतेम १८ अंशांवर, म्हणजे हात लांब करून एकावर एक धरलेल्या दोन मुठींपेक्षा थोडा खालीच दिसतो. लंडनमध्ये तो ५१ अंशांहून वर असतो. जुन्या इंग्रजीत त्याला ‘जहाजाचा तारा’ असेही नाव होते.

प्रश्न : ‘गाइड’ हा शब्दही जुन्या इंग्रजीतलाच का? (एक वाचक, गुहागर)

उत्तर : नाही. तो फ्रेंचमधून आला. मात्र फ्रेंचने तो फ्रँक लोकांच्या जर्मानिक भाषेतून घेतला होता आणि त्याचे मूळ पाहणे, जाणणे या अर्थाच्या प्राचीन धातूपर्यंत जाते. इंग्रजीतले ‘वाइज’ आणि आपले ‘विद्या’, ‘वेद’ हे त्याच धातूचे विस्तार आहेत.

प्रश्न : मी बोटीवर काम करतो. हिरवा दिवा उजवीकडे, तो स्टारबोर्ड, लाल दिवा डावीकडे, तो पोर्ट, हे आम्हाला पाठ आहे. खलाशी त्या बाजूने तारे पाहत, म्हणून स्टारबोर्ड म्हणतात, असे एका सहकाऱ्याने सांगितले. ते खरे का? (एक खलाशी, मिरकरवाडा)

उत्तर : समजूत सुंदर आहे, पण खरी नाही. यातला ‘स्टार’ तारा नसून जुन्या इंग्रजीतला ‘स्टेओर’, म्हणजे सुकाणू आहे. ‘स्टिअरिंग’ त्याचेच नातलग. ‘बोर्ड’ म्हणजे जहाजाची बाजू. त्या काळी उत्तर युरोपातल्या जहाजांना आजच्यासारखे मागे, मध्यावर सुकाणू नव्हते. मागच्या टोकाशी, उजव्या अंगाला एक रुंद वल्हे बांधलेले असे. ती सुकाणूची बाजू म्हणजे स्टारबोर्ड.

मालवणच्या किनाऱ्यावर एका म्हाताऱ्या तांडेलाला लहान होडी आत आणताना मी पाहिले आहे. होडीच्या शेवटी बसून, उजवीकडच्या पाण्यात वल्हे तिरपे धरून ते होडीचे तोंड फिरवत होते. दोन्ही हात वल्ह्यावर असल्याने त्यांचे अंग उजवीकडे वळले होते आणि पाठ डावीकडे झाली होती. जुन्या इंग्रजीत डाव्या बाजूला ‘बॅकबोर्ड’, म्हणजे पाठीकडची बाजू का म्हणत, ते मला त्या दिवशी खऱ्या अर्थाने कळले. जर्मन भाषेत तो शब्द अजून आहे, इंग्रजीने मात्र तो गमावला.

त्याच्या जागी आलेला ‘लारबोर्ड’ हा बहुधा माल चढवण्याच्या बाजूवरून आला असावा. पण वाऱ्यापावसात ओरडून दिलेल्या हुकमात ‘स्टारबोर्ड’ आणि ‘लारबोर्ड’ सारखेच ऐकू येत आणि जहाज भलतीकडे वळण्याची भीती असे. म्हणून ब्रिटिश नौदलाने १८४४ मध्ये ‘लारबोर्ड’ वापरातून काढून ‘पोर्ट’ हा शब्द अधिकृत केला. तो खलाशांच्या तोंडी आधीपासून होताच. सुकाणूचे वल्हे धक्क्यावर चिरडू नये म्हणून जहाज नेहमी डाव्या अंगाने बंदराला लावत, म्हणून ती बंदराची बाजू.